राणी पाकोळी

मुदखेडच्या फुलमळ्यांत पिवळीं-पांढरीं फुलपांखरें पुष्कळ. परंतु काळ्या मखमलीवर निळाई उधळलेली राणी पाकोळी सह्याद्रीच्या दाट, ओल्या उतारांवरच खरी शोभते. पंखांचा विस्तार पांच-सहा इंच! २०१५ सालीं महाराष्ट्रानें तिला राज्य-फुलपांखराचा मान दिला. असा मान देणारें हें पहिलेंच राज्य.

मादी अंडें घालते तें लिंबाच्या कुळांतील झाडाच्या पानावर. लहानगी अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी फसतात. पुढें ती पानासारखी हिरवी होते, आणि डिवचल्यास मानेमागून दुशिंगी अवयव काढून उग्र दर्प सोडते. मुंबई-पुण्याच्या परसांतल्या लिंबावरही ती येते. तेथें मात्र चार पानें कुरतडलेलीं दिसतांच अळ्या चिरडल्या जातात, आणि निळे पंख कां दिसत नाहींत, असें तींच माणसें पावसाळ्यांत विचारतात.