मावळतीनंतरची गर्दी

मीडियम वेव्हचा रेडिओ भर दुपारी लावला तर जवळपासचं एखाददुसरं केंद्र तेवढं लागतं, बाकी पट्टाभर खरखर. तोच रेडिओ रात्री नऊनंतर लावा. काटा जरा सरकवला की उर्दू बातम्या, आणखी जरासा सरकवला की तमिळ गाणं, मधूनच कुठली तरी अजिबात न कळणारी भाषा आणि सगळ्यांच्या मागे एक बारीक शिट्टी. रेडिओ तोच, जागा तीच. बदललेलं असतं ते वरचं आभाळ.

साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर वातावरणाचा ‘डी’ थर असतो. दिवसा सूर्यकिरणांमुळे तिथल्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. रेडिओलहर आली की ते थरथरतात, पण तिथली हवा अजून बऱ्यापैकी दाट असल्याने रेणूंवर आपटतात आणि लहरीची ऊर्जा तिथेच जिरते. मग जमिनीलगत येईल तेवढीच लहर आपल्या वाट्याला. सूर्य बुडाला की हा थर बघता बघता विरतो. त्याहून उंचावर, विरळ हवेतले इलेक्ट्रॉन मात्र रात्रभर तग धरतात. लहर तिथवर पोचते, वाकते आणि शेकडो, कधी हजारो किलोमीटरवर खाली उतरते. १९८८ साली आकाशवाणीने नागपुरात १००० किलोवॉटचं प्रक्षेपक लावून राष्ट्रीय वाहिनी सुरू केली, ती रात्रीचीच, १५६६ किलोहर्ट्झवर. देशाच्या मध्यावरून अख्खा देश गाठायचा, तर सूर्य आड जायला हवा!

पण वाट सगळ्यांनाच मोकळी होते. दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावरचं एक केंद्रही १५६६ वरच बोलतं. आपल्याकडे दोन शेजारी केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात. रात्री दोघांच्या लहरी एकदम पोचल्या की ऐकू येणारी ती बारीक शिट्टी बहुतेक वेळा याच फरकाची.

या भांडणाचा सगळ्यात झकास किस्सा अमेरिकेतला. सिनसिनाटीच्या डब्ल्यूएलडब्ल्यू केंद्राने १९३४ च्या मे महिन्यात ५०० किलोवॉट शक्तीने बोलायला सुरुवात केली. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमधून कळ दाबली. केंद्र ७०० किलोहर्ट्झवर. टोरांटोचं सीएफआरबी ६९० वर. दिवसा काही तक्रार नव्हती. रात्री मात्र कॅनडाच्या बाजूच्या श्रोत्यांना आपलं केंद्र धड ऐकू येईना. कॅनडाने हरकत घेतली आणि डब्ल्यूएलडब्ल्यूला रात्रीपुरती शक्ती ५० किलोवॉटवर आणावी लागली. मग इंजिनिअरांनी जादा मनोरे उभारले. त्यांच्या लहरी मुख्य मनोऱ्याच्या लहरींना कॅनडाच्या दिशेने खोडत आणि बाकी दिशांना वाट मोकळी ठेवत. सरकारी वाटाघाटींपेक्षा मला हा तोडगा फार आवडतो.

शक्ती वाढवून न सुटणारं दुखणंही आहे, आणि ते घरचंच. केंद्रापासून ठरावीक अंतरावर त्याची जमिनीवरून आलेली लहर आणि आभाळातून उतरलेली लहर सारख्याच जोराच्या होतात. दोघी जुळल्या की आवाज फुगतो, विरुद्ध पडल्या की बुडतो. शक्ती दुप्पट केली तर दोघीही दुप्पट, कटकट तशीच.

एवढं सगळं होतं ते रेडिओत किंवा जमिनीवर. १९३३ मध्ये नेदरलँड्समध्ये इंजिनिअर बर्नार्ड टेलेगेन यांना मात्र वेगळंच ऐकू आलं. रेडिओ स्वित्झर्लंडच्या बेरोम्युन्स्टरवर लावलेला, आणि मागे रेडिओ लक्झेंबर्गचा कार्यक्रम. दोन्ही केंद्रांच्या फ्रिक्वेन्सी एकमेकींपासून कितीतरी लांब, म्हणजे शेजाराचा प्रश्नच नव्हता. पुढच्याच वर्षी बेली आणि मार्टिन या शास्त्रज्ञांनी उलगडा केला. लक्झेंबर्गची जबर लहर वरच्या इलेक्ट्रॉनना तिच्या आवाजाच्या चढउतारांबरहुकूम तापवत होती. त्यामुळे तिथून जाणारी स्विस लहर कमी-जास्त जिरत होती, आणि परक्या कार्यक्रमाचे चढउतार तिच्यावर आभाळातच उमटत होते.