तीन पिढ्यांची दौलत, ग्रीकमध्ये

आजोबांनी कमावलेली दौलत नातवापर्यंत संपते, या अर्थाची एक म्हण इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये रुळली आहे: तीन पिढ्यांत खडावांपासून पुन्हा खडावांपर्यंत. लाकडी तळाचे जोडे हे तिथल्या गिरणी कामगाराचे पादत्राण, म्हणून ते गरिबीची खूण ठरले.

ग्रीकमध्ये ही म्हण शब्दशः नेली तर घोटाळा होतो. लाकडी तळाच्या चपलेला तिथे 'त्सोकारो' म्हणतात, पण तोच शब्द असभ्य, उथळ बाईसाठी शिवीसारखा वापरतात. खेडुताचे चामडी 'त्सारूही' घ्यावे, तर ते आज अथेन्समधल्या राष्ट्रपती भवनाच्या पहारेकऱ्यांच्या पायांत दिसते. त्यातून गरिबीऐवजी अभिमान जागा होतो. म्हणून जोडे सोडून द्यावेत आणि माणसे धरावीत, असे माझे ठाम मत आहे: आजोबा मिळवतो, मुलगा राखतो, नातू खातो. उधळपट्टीसाठी ग्रीक माणूस 'खाणे' हेच क्रियापद सहज वापरतो. मराठीत मात्र 'पैसे खाल्ले' म्हटले की लाच आठवते.

तीन पिढ्यांत दौलत संपण्याचा हा अनुभव ग्रीकांना नवा नाही. प्राचीन अथेन्समधल्या कॅलियासच्या श्रीमंतीचा बोलबाला होता. त्याचा मुलगा हिप्पोनिकोस याने लॉरियनच्या चांदीच्या खाणींना 600 गुलाम भाड्याने दिले होते. नातवाचे नावही कॅलियासच. त्याने सॉफिस्ट, म्हणजे पैसे घेऊन शिकवणाऱ्या, गुरूंवर अफाट पैसा खर्च केला. प्लेटोचा 'प्रोटागोरस' संवाद याच नातवाच्या घरी घडतो. पुढे वक्ता लिसियास याने एका भाषणात हिशेब मांडला: आजोबांची मालमत्ता 200 टॅलेंट (तेव्हाचे पैशाचे मोठे परिमाण), नातवाची दोनसुद्धा नाही.