संग्राहक मंडळाचं अध्यक्षपद लढवताय?

सातारा-सांगलीच्या नाणी-तिकीटप्रेमींनो, उमेदवारी भरण्याआधी एकदा औंधला जाऊन या! राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमवलेला संग्रह तिथल्या श्री भवानी संग्रहालयात सगळ्यांसाठी खुला आहे. याच राजांनी 1939 च्या संविधानाने राज्यकारभारही प्रजेच्या हाती सोपवला. आजच्या सांगलीतलं आटपाडी, कुंडल तेव्हा औंध संस्थानातच होतं.

कामाची गोष्ट : मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल, तर कार्यकारिणी बदलल्यावर 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो.

निवडून आलात तर शाळांत प्रदर्शनं भरवा. शिवराई आणि भिंग मुलांच्या हाती द्या. एका बाजूचं ‘श्री राजा शिव’, दुसरीकडचं ‘छत्रपति’ त्यांना स्वतः वाचू द्या. आणि मतदारांनो, अशा उमेदवारालाच मत द्या!