उलटसुलट विजेवर जगणारा पडदा

एलसीडीला, म्हणजे द्रवस्फटिकाच्या पडद्याला, एकाच दिशेनं सतत वीज दिली तर ती खराब होते, हे नागपुरात बी.एस्सी.च्या वर्गात सांगितलं की मुलं लगेच विचारतात, "मॅडम, कॅल्क्युलेटरचा सेल तर एकाच दिशेनं वीज देतो!" खरंय. पण आतली चिप ती वीज सेकंदाला कित्येकदा उलटवून मगच आकड्यांपर्यंत पोचवते.

द्रवस्फटिकाचे लांबुडके रेणू द्रवासारखे वाहतात, तरी साधारण एकाच दिशेला तोंड करून असतात. दोन काचांमधल्या काही मायक्रॉनच्या फटीत त्यांना ९० अंशांचा पीळ दिलेला असतो. एका काचेवरच्या पोलरायझरमधून (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या पटलातून) आत आलेला प्रकाश त्या पिळासोबत वळतो आणि दुसऱ्या काचेवरच्या पोलरायझरमधून बाहेर पडतो. विद्युतदाब दिला की रेणू उभे राहतात, पीळ जातो, प्रकाश अडतो आणि आकडा काळा दिसतो. शाट आणि हेलफ्रिश या संशोधकांनी १९७० साली स्वित्झर्लंडमध्ये बसवलेली ही रचना मला आजही अतिशय देखणी वाटते.

मग वीज उलटली की रेणूही उलटायला हवेत ना? नाही. त्यांची जितकी डोकी वर, तितकीच खाली असतात. त्यांना फिरवणारं बल विद्युतक्षेत्राच्या वर्गावर अवलंबून असतं, आणि उणे संख्येचा वर्गही अधिकच येतो. शिवाय रेणूंना हलायला काही मिलिसेकंद लागतात, त्यामुळे त्यांना क्षेत्राची सरासरी ताकद तेवढी जाणवते. द्रवात राहिलेल्या आयनांचं तसं नाही. वीज एकाच दिशेची असली की ते एका काचेपाशी साचतात, तिथे रासायनिक क्रिया सुरू होते आणि पडदा कायमचा बिघडतो. दिशा बदलत राहिली की ते कुठेच पोचत नाहीत.

खरी अडचण रेणूंच्या परतीची. दाब वाढवला तर रेणू झटकन उभे राहतात. दाब काढल्यावर मात्र त्यांना मागे ओढायला त्यांची स्वतःची लवचीकताच असते. फट दुप्पट केली तर परतीचा वेळ चौपट होतो. थंडीत द्रव घट्ट होतो, म्हणून आकडे रेंगाळतात.

या विषयातलं एक मोठं नाव आमच्याच विद्यापीठातलं, हे मी दरवर्षी आवर्जून सांगते. १९५१ साली नागपूर विद्यापीठातून एम.एस्सी. झालेल्या शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी १९७७ मध्ये बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत, सहकाऱ्यांसोबत, चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले.

घरातला जुना कॅल्क्युलेटर भंगारात देऊ नका. पोलराइज्ड गॉगल त्याच्यासमोर हळूहळू फिरवा आणि आकडे कधी नाहीसे होतात ते मुलांना दाखवा.