ऐब टांकसाळीतला की रस्त्यावरचा?

मागच्या महिन्यात शाळा सुटल्यावर आठवीतला एक मुलगा अम्मीला घेऊन माझ्याकडे आला. अम्मीच्या रुमालाच्या गाठीत दोन रुपयांचे एक नाणे होते. एका बाजूची कड चपटी, तिथली अक्षरे पसरलेली.

"बाजी, मोबाइलवर दाखवलं की असल्या चुकीच्या नाण्याला पाच लाख मिळतात. त्या माणसाशी बोलणं झालं. नोंदणीचे साडेबाराशे भरले. आता टॅक्सचे सहा हजार भरा म्हणतोय. भरू का?"

ते सहा हजार मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले होते.

मला लहानपणापासून नाणी जमवायचा नाद आहे. हातात घेताच कळले की हे नाणे टांकसाळीत चुकलेले नाही, बाहेर कुठेतरी हातोड्याखाली सापडलेले आहे. एक पैसाही भरू नका, असे सांगून मी त्यांना बसवले आणि चहा होईपर्यंत जे समजावले, तेच इथे लिहिते आहे.

नाणे घडते कसे?

चूक ओळखायची तर आधी काम कळले पाहिजे. धातूच्या लांब पट्टीतून यंत्र गोल चकत्या कापते. चकतीची कड थोडी उचलून घेतात. मग ती दोन ठशांच्या मध्ये ठेवून जबर दाबाने छापतात. बाजूने एक कडे असते, म्हणून धातू बाहेर पसरत नाही. यातल्या प्रत्येक पायरीची आपापली चूक असते.

पट्टी नीट पुढे सरकली नाही, तर कापणारे यंत्र आधीच्या भोकावरच पडते. मग चकती चंद्रकोरीसारखी कातरलेली निघते. अशा नाण्यात कातरलेल्या भागाच्या बरोबर समोरची कड बहुधा पुसट असते. घरी कानस किंवा कातर चालवून केलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत दिसते आणि कापल्या जागी हत्याराचे ओरखडे सापडतात.

चकती ठशांच्या मधोमध बसली नाही, तर छाप एका बाजूला सरकतो आणि दुसरीकडे कोरी चंद्रकोर राहते. छापलेले नाणे वरच्या किंवा खालच्या ठशाला चिकटून बसले, तर पुढच्या चकतीवर त्याचाच छाप उलटा आणि खोलगट उमटतो, आरशात पाहिल्यासारखा. ठशाला तडा गेला, तर तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर बारीक उंच रेघ येते.

मुलांना मी एक साधा नियम सांगते. नाण्यावरची जादा रेघ नखाला उंच लागली, तर ती ठशाची असू शकते. खोल लागली, तर बहुतेक तो रस्त्यावरचा ओरखडा.

आणखी एक तपासणी घरीच करता येते. आपल्या आजच्या नाण्याचा सिंह सरळ धरा आणि पुस्तकाचे पान उलटावे तसे नाणे आडवे उलटा. मागची बाजूही सरळच दिसली पाहिजे. ती तिरकी किंवा उलटी आली, तर एक ठसा फिरलेला होता.

शंका आली तर नाणे सराफाच्या काट्यावर ठेवा. २०११ पासूनचे दोन रुपयांचे नाणे ४.८५ ग्रॅमचे आणि २५ मिलिमीटरचे होते. २०१९ पासूनचे नाणे ४.०७ ग्रॅमचे आणि २३ मिलिमीटरचे आहे. वजन बरेच वेगळे भरले, तर चकतीच चुकीची असू शकते, किंवा नाणे घासलेले.

ही चूक नव्हे

वर्षाखालचा ठिपका, चौकट किंवा तारा पाहून पुष्कळ लोक हुरळतात. त्या टांकसाळींच्या खुणा आहेत. चौकट मुंबईची, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा. कोलकाता खूण करत नाही. दहा रुपयांच्या नाण्यांतला फरकही असाच. त्याचे १४ नमुने चलनात असून सगळे वैध आहेत, असे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये स्पष्ट केले होते.

मोगल नाणी किंवा शिवराई हातोड्याने ठोकलेली असत. ठसा चकतीपेक्षा मोठा असे, म्हणून बादशहाचे नाव अर्धेच उमटे. तो त्या काळचा रिवाज, ऐब नव्हे.

कधी कधी चूक छापण्यात नसते, चित्रात असते. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावर छोटा हत्ती कोरलेला होता. सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमानांत मोठी नाराजी पसरली. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यांपैकी जेमतेम सात लाख लोकांच्या हाती गेले होते. बाकीचे वितळवले आणि १९१२ मध्ये हत्ती सुधारून नवा रुपया आला. शौकीन लोक तो १९११ चा "डुक्कर रुपया" आजही शोधतात.

मोल कसे ठरते?

नुसती चूक असून भागत नाही. ती भिंगाशिवाय दिसावी, तशी नाणी थोडी असावीत, नाणे फारसे झिजलेले नसावे. छाप सरकलेला असला तरी वर्ष वाचता आले, तर शौकिनाला ते जास्त आवडते. बारीक तडा किंवा किंचित सरकलेला छाप नेहमी सापडतो, त्याला दर्शनी किमतीहून फार मिळत नाही.

कोणी किती मागतो, ती किंमत नव्हे. जाणत्या लिलावात तसले नाणे प्रत्यक्ष कितीला गेले, ती किंमत. नाणे चिंच किंवा राखेने कधीही घासू नका. चकाकी येते आणि मोल जाते.

नाणे ठोकून किंवा कापून "चूक" घडवणारेही आहेत. माल विकताना त्यातला ऐब लपवणे जितके वाईट, तितकेच नसलेला ऐब घडवून विकणे वाईट. शिवाय नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे.

सगळ्यात महत्त्वाचे: खरा खरेदीदार तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून आधी मागत नाही. जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीशी आपला काही संबंध नाही आणि आपण त्यासाठी शुल्क घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. पैसे गेलेच, तर उशीर न करता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.

आम्ही त्याच संध्याकाळी तो फोन लावला. साडेबाराशे परत मिळालेले नाहीत. पण सहा हजार वाचले आणि फी वेळेत भरली गेली.

ते नाणे मुलाने मला दिले. आता वर्गात मी ते एका चांगल्या नाण्याशेजारी ठेवते आणि मुलांना विचारते, "सांगा, हा ऐब कुठला?" परवा सगळ्यात आधी हात त्याचाच वर गेला.