दोन खांदे, तीन पंच

कुस्तीचा निकाल ज्या जागी लागतो ती जागा बहुतेक वेळा खाली पडलेल्या मल्लाच्या पाठीआड दडलेली असते. कबड्डीत मैदानावर आखलेल्या रेषा साक्ष देतात आणि शर्यतीत अंतिम रेषा सर्वांनाच दिसते. कुस्तीत मात्र दोन्ही खांदे टेकले की एकच, हे प्रेक्षकांना, वस्तादाला आणि कित्येकदा खुद्द मल्लालाही नेमके कळत नाही, म्हणून ते पाहण्यासाठी आखाड्यात तिसरा माणूस उभा करावा लागतो. हा तिसरा माणूस म्हणजे पंच. तो निःपक्षपाती असावा ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु निःपक्षपाती माणूसही चुकीच्या बाजूला उभा असेल तर चुकीचाच निकाल देतो, आणि म्हणून उत्तम पंचाचे पहिले लक्षण त्याच्या नजरेइतकेच त्याच्या पायांत शोधावे लागते.

राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा आणि तिच्या आसपासचा उत्तर नगरचा भाग हा यात्रांच्या हगाम्यांचा मुलूख आहे. हगामा म्हणजे यात्रेनिमित्त भरणारे कुस्त्यांचे मैदान. त्यात लहान मुलांच्या किरकोळ इनामाच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत जोड्या लागत जातात. येथे पंच बहुधा मैदान गाजवून निवृत्त झालेला जुना मल्ल असतो आणि त्याचे काम सलामीच्या आधीच सुरू होते, कारण वजन, वय आणि तयारी पाहून तुल्यबळ जोड लावणे, म्हणजे बरोबरीचे मल्ल समोरासमोर आणणे, हे न्यायाचे पहिले कृत्य होय. मातीवरच्या अशा कुस्तीत चितपट हाच मुख्य निकाल असल्याने गुणांचा हिशेब थोडा असतो. उलट खडाखडीत वेळ काढणाऱ्यांना कुस्ती करायला लावणे, लढत निकाली होईल की बरोबरीत सोडवावी हे ठरवणे आणि हलगीच्या कडकडाटात, चहूबाजूंनी रिंगण आवळत आलेल्या गर्दीत तो निर्णय सर्वांना मान्य करायला लावणे, हे पंचाच्या अधिकारापेक्षा त्याच्या वजनावर अवलंबून राहते.

गादीवरच्या कुस्तीत हा एकट्याचा अधिकार तिघांत वाटलेला आहे. नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळात मल्लांजवळ फिरणारा मैदानी पंच, गादीच्या कडेला बसून गुण नोंदवणारा दुसरा पंच आणि या दोघांवर देखरेख करणारा गादीप्रमुख, अशी ही रचना असून तिघांपैकी दोघांचे एकमत झाल्यावरच गुण धरला जातो. मैदानी पंचाच्या डाव्या मनगटावर लाल आणि उजव्या मनगटावर निळी पट्टी असते. ज्या रंगाच्या पोशाखातील मल्लाला गुण द्यायचा त्या रंगाच्या पट्टीचा हात वर करून तो बोटांनी आकडा दाखवतो. प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर काढल्यास एक गुण, खाली आणून मागून ताबा घेतल्यास दोन, उभ्या स्थितीतून थेट धोक्याच्या स्थितीत फेकल्यास चार आणि ती फेक उंच व मोठ्या झेपेची असल्यास पाच, अशी चढती श्रेणी आहे. धोक्याची स्थिती म्हणजे पाठ गादीकडे वळून तिचा गादीशी होणारा कोन नव्वद अंशांपेक्षा कमी होणे. हा कोन मोजायला कोणतेही उपकरण नसते, तो डोळ्यांनीच आणि क्षणार्धात मोजावा लागतो.

येथेच जागेचे महत्त्व कळते. मल्ल पुलावर, म्हणजे डोके आणि टाचांवर शरीर तोलून खांदे वर धरून असेल, तेव्हा खांदा आणि गादी यांच्यामधली फट उभ्याने दिसत नाही. पंचाला आडवे व्हावे लागते, आणि तेही ज्या बाजूला वरच्या मल्लाचे अंग आड येत नाही त्या बाजूला. म्हणून चांगला पंच डाव पडल्यावर धावत नाही. ढाक हा डाव लागणार की मोळी, हे पकडीवरून ओळखून मल्ल जेथे पडतील तेथे तो आधीच पोचलेला असतो. हे ज्ञान नियमपुस्तकातून येत नाही, ते अंगाला माती लावल्यानेच येते. अमेरिकी फुटबॉलमधील अंपायर या अधिकाऱ्याचीही हीच कसोटी असते. तो परंपरेने बचाव फळीच्या मागे, धडकणाऱ्या धिप्पाड खेळाडूंच्या अगदी जवळ उभा राहून बेकायदा पकड पाहत असे. व्यावसायिक लीगने 2010 मध्ये इजा टाळण्यासाठी त्याची जागा आक्रमक संघाच्या मागे हलवली. नीट पाहायचे तर जवळ जावे लागते आणि जवळ गेले की धोका वाढतो, हा पेच दोन्ही खेळांत सारखाच आहे.

महाराष्ट्रात या पेचाला लोकांच्या रोषाचीही जोड आहे. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी या दोन विभागांचे विजेते किताबासाठी झुंजतात, त्यामुळे विभागाच्या अंतिम कुस्तीतील एका निर्णयावर मल्लाचे वर्षाचे कष्ट टांगलेले असतात. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात सिकंदर शेख विरुद्ध महेंद्र गायकवाड या माती विभागातील लढतीत बाहेरील टांग या डावाला दिलेले चार गुण योग्य की अयोग्य, यावर राज्यभर वाद झाला. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगर येथे गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळ यांना चितपटीवर विजयी घोषित करण्यात आले, तेव्हा आपले दोन्ही खांदे टेकले नव्हते असा आक्षेप घेत शिवराज राक्षे यांनी पंचाची कॉलर धरून लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीत गायकवाड यांनीही निर्णयावरून मैदान सोडले आणि राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पहिला वाद पाठीच्या कोनाचा होता आणि दुसरा खांद्याखालच्या फटीचा, म्हणजे दोन्ही वेळा प्रश्न पंचाला त्या क्षणी काय दिसले हाच होता.

चित्रफितीची तपासणी या प्रश्नावर काही अंशी उत्तर देते. मल्लाच्या बाजूने निर्णयाला आव्हान देता येते, मात्र ते फेटाळले गेल्यास प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो, त्यामुळे उठसूट आव्हाने दिली जात नाहीत. चितपटीच्या बाबतीत मैदानी पंचाने गादीवर थाप मारण्यापूर्वी उरलेल्या दोघांपैकी एकाची संमती घ्यावी, हा नियम त्याहून मोलाचा आहे, कारण आपली नजर अपुरी असू शकते हे तो पंचाला थाप मारण्याआधी मान्य करायला लावतो. स्वतःची शंका लपवणारा पंच कणखर दिसतो, परंतु विश्वासार्ह ठरतो तो शंका वेळेवर विचारणारा.

गावोगावच्या हगाम्यांत इनामाच्या रकमा वाढत चालल्या असताना पंच मात्र अजूनही ऐन वेळी व्यासपीठावरून हाक मारून ठरवला जातो. यात्रा समित्यांनी इनामाची पत्रिका छापण्यापूर्वी जाणता पंच नेमावा, त्याच्या जोडीला कडेला एक मदतनीस द्यावा आणि आखाड्याभोवती त्याला फिरण्यापुरती मोकळी जागा राखावी. मल्लाच्या घामाचा एवढा मान राखणे कोणत्याही गावाला परवडण्यासारखे आहे.