वंश, वस्ती आणि नागरी हिंसा : आकड्यांच्या अर्थाचा प्रश्न

अमेरिकेच्या महानगरांतील हिंसक गुन्ह्यांचे मूळ वंशात आहे, हे मत जुने असून त्याला आरंभापासूनच आकड्यांचा आधार देण्यात आला आहे. १८९० च्या खानेसुमारीत कृष्णवर्णीयांचे प्रमाण लोकसंख्येत सुमारे १२ टक्के, तर कैद्यांत सुमारे ३० टक्के आढळले. प्रुडेन्शियल विमा कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशाच आकड्यांवरून गुन्हेगारी हा वंशाचा गुणधर्म ठरविला. आकडा आणि अनुमान यांतील अंतर ध्यानी न घेतल्यामुळे तोच निष्कर्ष आजही नव्या आकड्यांच्या आधारे मांडला जातो.

कैद्यांची संख्या ही गुन्ह्यांची गणना नव्हे. नोंद, अटक, खटला व शिक्षा या प्रत्येक पायरीवर पोलीस व न्यायालये यांच्या वर्तनाचा परिणाम तिच्यावर होतो. खुनाच्या नोंदी त्या मानाने विश्वसनीय असतात, आणि त्यांतही वंशागणिक मोठी तफावत दिसते, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र अलीकडच्या काळात खुनाला बळी पडलेल्यांपैकी सुमारे निम्मे लोक कृष्णवर्णीय आहेत. म्हणजे हिंसेची झळ ज्या समाजाला सर्वाधिक बसते, त्यालाच तिचे मूळ ठरविले जाते. तफावत आहे, हे निर्विवाद. ती कशामुळे आहे, हा खरा प्रश्न होय.

या प्रश्नावर शिकागो येथील संशोधनाने मोलाचा प्रकाश टाकला. क्लिफर्ड शॉ व हेन्री मॅके यांनी बालन्यायालयाच्या अनेक वर्षांच्या नोंदी नकाशावर मांडून १९४२ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. शहराच्या मध्यभागालगतच्या दरिद्री वस्त्यांत बालगुन्हेगारीचे प्रमाण सतत उच्च राहिले होते. तेथे आधी जर्मन व आयरिश, पुढे पोलिश व इटालियन आणि त्यानंतर कृष्णवर्णीय राहावयास आले. रहिवासी पालटले, वस्तीची स्थिती मात्र पालटली नाही. कारण वंशात असते, तर ते रहिवाशांबरोबर दुसरीकडे गेले असते.

युरोपीय स्थलांतरितांना त्या वस्त्या सोडता आल्या. कृष्णवर्णीयांची वाट मात्र घरविक्रीच्या करारांतील वंशीय अटींनी व पतपुरवठ्यातील भेदभावाने अडविली. परिणामी समान दारिद्र्याच्या श्वेतवर्णीय वस्त्या तुलनेसाठी मिळणेच दुर्घट झाले. ओहायो राज्यातील कोलंबस शहरात अशा काही वस्त्या होत्या. लॉरेन क्रिवो व रूथ पीटरसन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथील दोन्ही प्रकारच्या वस्त्या पडताळल्या, तेव्हा दारिद्र्यादी प्रतिकूलतेचा हिंसेशी असणारा संबंध उभयत्र बहुतांशी सारखाच आढळला.

वस्तीच्या आकड्यांवरून व्यक्तीविषयी अनुमान काढण्यातही धोका आहे. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये तो दाखवून दिला. ज्या राज्यांत परदेशांत जन्मलेल्यांचे प्रमाण अधिक, तेथे निरक्षरता कमी होती (सहसंबंध उणे ०.५३), व्यक्तिशः पाहता मात्र परदेशांत जन्मलेल्यांतच ती किंचित अधिक होती (अधिक ०.१२). ते साक्षरतेच्या राज्यांत स्थायिक झाले होते, एवढाच याचा अर्थ.

काळाची कसोटीही हेच सांगते. न्यूयॉर्क शहरात १९९० मध्ये २,२०० हून अधिक खून झाले. २०१७ मध्ये ती संख्या ३०० च्याही खाली आली. या काळात शहरातील श्वेतवर्णीयांचे प्रमाण वाढले नाही, उलट घटले. या घटीची नेमकी कारणे वादग्रस्त असली, तरी वंशाच्या तथाकथित स्थिर गुणधर्माने तिचा उलगडा होऊ शकत नाही.

तेव्हा असे विधान समोर आल्यास अभ्यासकाने तीन गोष्टी तपासाव्यात : काय मोजले आहे, तुलना समान परिस्थितीतील लोकांची आहे काय, आणि समूहाचा निष्कर्ष व्यक्तीवर लादला आहे काय. ही दक्षता केवळ शास्त्रीय शिस्तीसाठी नव्हे. दोष वंशाच्या माथी मारला की वस्तीच्या सुधारणेची जबाबदारी कोणाचीच उरत नाही. आणि तेथे राहणारा निरपराध मनुष्य हिंसेच्या भयाबरोबरच संशयाचाही धनी होतो.